उत्तर छापलेलं आहे, गणित शोधा!

मुलांनो, '३ + १ किती?' असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, 'चार!' पण 'चार कोणत्या दोन अंकांची बेरीज?' असं उलटं विचारलं, तर? कुणी म्हणतं तीन आणि एक, कुणी म्हणतं दोन आणि दोन. दोघंही बरोबर! मग यातलं नेमकं कोणतं घ्यायचं? हे ठरवायला लावणारं एक छान कोडं आहे. त्याचं नाव 'केनकेन'.

जपानमधल्या योकोहामा शहरात तेत्सुया मियामोतो हे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी २००४ साली आपल्या वर्गातल्या मुलांसाठी हे कोडं तयार केलं. 'केन' म्हणजे शहाणपण. 'न शिकवता शिकवायचं' ही त्यांची रीत. मुलांपुढे कोडं ठेवायचं आणि त्यांना स्वतः डोकं चालवू द्यायचं! २००८ साली लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रात ही कोडी येऊ लागली आणि मग ती जगभर पोचली.

चला, वही-पेन्सिल घ्या. नऊ घरांचा चौकोन आखा. घरांना नावं देऊ या. वरच्या ओळीत क, ख, ग. मधल्या ओळीत च, छ, ज. खालच्या ओळीत ट, ठ, ड. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १, २, ३ हे अंक एकेकदाच यायला हवेत.

आता जाड रेघेनं घरांचे गट करा आणि प्रत्येक गटाच्या कोपऱ्यात खूण लिहा.
क आणि च : ६ ×
ख आणि ग : ४ +
ट आणि ठ : २ −
छ, ज आणि ड : ५ +

'६ ×' म्हणजे त्या घरांतल्या अंकांचा गुणाकार ६. वजाबाकीत मोठ्यातून लहान अंक वजा करायचा.

सुरुवात कुठून करायची? क आणि च यांचा गुणाकार ६, म्हणजे तिथे २ आणि ३. कोणता कुठे, ते अजून कळलेलं नाही. पण त्या उभ्या ओळीत उरलेल्या ट मध्ये १ च येणार! ट आणि ठ यांची वजाबाकी २, म्हणून ठ मध्ये ३. खालच्या ओळीत राहिला २, तो ड मध्ये.

आता ख आणि ग. बेरीज ४. दोन आणि दोन चालतील का? नाही, एकाच ओळीत दोनदा २ येत नाही. म्हणजे १ आणि ३. ठ मध्ये ३ आहेच, म्हणून ख मध्ये १ आणि ग मध्ये ३. क मध्ये उरला २, मग च मध्ये ३. ज च्या वर ३ आहे, खाली २ आहे, म्हणून ज मध्ये १. शेवटी छ मध्ये २.

आता ताळा करा. छ, ज, ड म्हणजे २ + १ + २ = ५. जमलं की नाही? या गटात २ दोनदा आला, पण ते दोन्ही एका ओळीत नाहीत, म्हणून चालतं.

पाहिलंत ना, एकही अंक आपण 'अंदाजपंचे' लिहिला नाही. प्रत्येकाच्या मागे एक 'म्हणून' आहे. काही मुलं अंक लिहितात आणि लगेच बाईंच्या तोंडाकडे बघतात, 'बाई, बरोबर?' इथे विचारायची गरजच नाही. बरोबर की चूक, ते चौकोनच सांगतो. ज्याला गणिताची भीती वाटते, त्याला एकदा तरी हे अनुभवू द्या. स्वतः खात्री करून घेतलेलं उत्तर फार धीर देतं.

आईबाबांना एक विनंती. मूल अडलं तर पटकन अंक सांगू नका. 'हे कशावरून?' एवढंच विचारा आणि थोडं थांबा. हे थांबणंच अवघड असतं!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. सोळा घरांचा चौकोन आहे, अंक १ ते ४. एका आडव्या ओळीतल्या सलग तीन घरांच्या गटावर '८ ×' अशी खूण आहे. त्या ओळीतल्या चौथ्या घरात कोणता अंक येईल? उत्तराबरोबर 'म्हणून' सुद्धा लिहा हं!