आरशाचा खिळा

आमच्यापैकी दोघांची घरे अलीकडेच गोंदियात बांधून झाली. त्या घरांत दारेखिडक्यांपेक्षा अधिक वाद झाला तो आरशावरून. वास्तुशास्त्राचे पुस्तक म्हणत होते, उत्तरेची वा पूर्वेची भिंत, पलंगासमोर मुळीच नको. सजावटकाराचे म्हणणे, जेवणाच्या टेबलामागे लावा, खोली दुप्पट दिसेल. आरशात पाहायचे कोणी, हे मात्र दोघांनीही विचारले नाही.

बेलूरच्या मंदिरातील बाराव्या शतकातली दर्पणसुंदरी आठवावी. तिचा आरसा तिच्या हातात आहे. काचेवर चांदीचा मुलामा चढविण्याची लीबिखची रीत 1835 ची. भिंतीवरचा स्वस्त आरसा त्यानंतरचा. (भिंतीवरील आरशाच्या नियमांचे प्राचीनत्व यावरून ज्याने त्याने जोखावे.) आपल्याकडे फणीकरंड्याच्या पेटीचे झाकण उघडले की आतला आरसा त्या बाईचाच असे. आरसा भिंतीवर गेला आणि घराचा झाला. घराचा म्हणजे कोणाचा, ते खिळा ठोकणाऱ्याने ठरविले.

झाडीपट्टीतील कवेलूंच्या घरांत आम्ही हा खिळा पाहिला आहे. तो सपरीत, उजेडात, दाढी करणाऱ्या पुरुषाच्या डोळ्यांच्या उंचीवर असे. घरातली सून टाचा उंचावून कुंकवापुरते कपाळ पाहून घेई, तेही सपरीत कोणी बसलेले नसेल तेव्हा. वास्तविक पाच फूट उंचीच्या बाईला पायांपर्यंत दिसायचे, तर आरशाची खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर हवी. मागे सरकून अधिक दिसत नाही, हे पदार्थविज्ञानाचे आमचे सहकारी आम्हांस दरवर्षी ऐकवितात.

आमच्यापैकी एकीच्या आजीची पेटी आजोबा गेल्यानंतर माळ्यावर गेली. पुढली बत्तीस वर्षे ती चाचपून भांग पाडीत असे. कोणी तिला आरसा पाहू नको म्हटल्याचे स्मरत नाही. म्हणण्याची गरजच उरली नव्हती. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे अशा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. तो मोठाच ठराव होय. परंतु माळ्यावरची पेटी खाली काढण्याचा ठराव ग्रामसभा कसा करणार? ते घरातल्या माणसांनाच करावे लागते, आणि आमच्या घरात ते कोणी केले नाही. आम्हीही नाही; आम्ही तेव्हा एम.ए.च्या वर्गात स्त्रीवादी समीक्षा शिकत होतो.

शेवटी त्या दोन घरांपैकी एका घरात साडेतीन फुटांचा आरसा स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर, खिडकीचा उजेड पाहणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा लावला. भिंत दक्षिणेची आहे. शेजारच्या वयस्क विधवा बाई विरजण मागायला येतात, तेव्हा परतताना तिथे क्षणभर थांबतात. आम्ही त्या वेळी विरजणाच्या वाटीत लक्ष घालतो.