राखण कशाकशाची? जावा बेटावरील खेड्यांचा धडा



इंडोनेशिया म्हटलं की आपल्याला ज्वालामुखी, पामतेल आणि मसाले आठवतात. पण त्या देशातल्या जावा बेटावरचा शेतकरी आपल्याच जातकुळीचा आहे. भात लावतो, दावणीला एखाद-दुसरं जनावर असतं आणि जमीन अगदी थोडी. २०२३ च्या तिथल्या कृषी गणनेत अर्ध्या हेक्टरच्या आतली, म्हणजे सव्वा एकराहून कमी जमीन कसणारी, सुमारे १ कोटी ६९ लाख शेतकरी कुटुंबं निघाली. २०१३ साली हाच आकडा १ कोटी ४२ लाखांच्या घरात होता. ज्याचं एवढंच आहे, त्याची एक गाय चोरीला गेली किंवा बांध दोन हात सरकला तरी घर बसतं. म्हणून तिथल्या खेड्यांनी राखणीची व्यवस्था कशी बसवली आणि ती कुठे कमी पडली, हे आपण पाहण्यासारखं आहे.

पाळीची राखण

तिथल्या भाषेत गावाला 'देसा' म्हणतात आणि राखण करण्याला 'जागा'. दोन्ही शब्द संस्कृतातून गेलेले. आपल्याकडे पूर्वी जागल्या असायचा, तसा तिथे पगारी माणूस नाही. घरटी एकाने पाळीपाळीने रात्री जागायचं, याला 'रोंदा' म्हणतात. वाडीच्या तोंडाशी छोटी चौकी असते आणि तिथे लाकडाचा किंवा बांबूचा पोकळ ओंडका टांगलेला असतो, तो 'केंतोंगान'. त्याच्या ठोक्यांचे अर्थ ठरलेले. गावागणिक थोडा फरक पडतो, पण साधारणपणे एकेक ठोका म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे चोरी, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे नैसर्गिक संकट आणि पाच-पाच म्हणजे जनावराची चोरी. गुरं चोरीला गेली तर वेगळा ठोका! यावरूनच तिथे जनावराची किंमत काय आहे ते समजावं.

मध्य जावात याला जोडून 'जिंपितान' नावाची चांगली पद्धत आहे. प्रत्येक घराबाहेर एक लहान डबा टांगतात आणि त्यात चिमूटभर तांदूळ टाकतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी नाणं टाकतात. राखणीवरचे लोक फिरता फिरता ते गोळा करतात. त्यातून वाडीचा दिवाबत्तीचा, आजारपणाचा, मयतीचा खर्च निघतो. शिवाय राखणदार प्रत्येक दारापर्यंत गेला की नाही, हेही सकाळी डबा पाहून कळतं. हजेरीपुस्तकापेक्षा ही हजेरी पक्की.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. वाड्यांची ही रचना जपानी अंमलात, १९४४ साली घट्ट झाली. पुढे सुहार्तोंच्या काळात, १९८० नंतर, पोलिसांनी राखणीला देशभर एकच रूप दिलं. पाहुणा चोवीस तास राहिला तर कळवलंच पाहिजे, अशा पाट्या लागल्या. त्यात चोराबरोबर सरकारविरोधी माणसावरही नजर होती. १९९८ मध्ये सुहार्तो गेले आणि त्याच वर्षी पूर्व जावात बान्युवांगीच्या भागात जादूटोण्याच्या संशयावरून शंभरावर माणसं मारली गेली. गावोगाव पहारे बसले, आणि त्या पहाऱ्यांच्या तावडीत अनोळखी आणि वेडसर माणसंही सापडली. आपल्याला हे परकं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारलं, ते आपण विसरलो नाही. राखणदाराचं काम माणूस अडवून पोलिसांच्या हवाली करण्याचं. शिक्षा देण्याचं काम त्याचं नाही, हे पाळी लावतानाच सांगितलं पाहिजे.

बांध राखला, कागद राहिला

रात्रभर जागून गाय वाचवता येते. जमीन मात्र भरदिवसा, कचेरीत बसून जाते. जावात पिढ्यान्पिढ्या जमिनीची नोंद गावच्या वहीत असे, तिला 'लेटर सी' म्हणतात. लोकांच्या हातात 'गिरिक' नावाचा साराभरणीचा कागद असे. खरेदी-विक्री गावप्रमुखासमोर साध्या पावतीवर व्हायची. १९६० च्या कृषी कायद्याने जमीन नोंदणी आणि प्रमाणपत्र आणलं, पण खेड्यात जुनंच चालू राहिलं. देशात सुमारे १२ कोटी ६० लाख तुकडे, आणि २०१५ च्या सुमारास प्रमाणपत्र होतं फक्त ४ कोटी ६० लाखांना. बाकीच्यांना बँक दारात उभी करीना. बाप गेला की भावाभावांत भांडण, आणि एकाच तुकड्याचे दोन कागद काढणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. त्यांना तिथे सरळ 'जमीन माफिया' म्हणतात.

२०१७ पासून सरकारने गावच्या गाव एकदम मोजून प्रमाणपत्रं द्यायची मोहीम घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दिवसात दहा लाख हद्दीचे खुंट रोवण्याचा कार्यक्रम झाला. शेजाऱ्याला बोलवा, दोघांच्या समक्ष खुंट ठोका, मग मोजणी. याखेरीज २०२१ च्या नियमाने गिरिकसारख्या जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंतची मुदत घातली. त्यानंतर तो कागद हक्काचा पुरावा धरायचा नाही, फक्त माहितीपुरता, असं ठरलं.

ग्रामपातळीवरच्या मंडळींनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोजणीपूर्व तयारीसाठी गावाने जावा-बालीत दीड लाख रुपियाच घ्यायचे, असं तीन मंत्र्यांच्या आदेशाने ठरलं होतं. काही गावप्रमुखांनी जास्त उकळले आणि त्यांच्यावर खटले झाले. चांगल्या योजनेचं नाव अशाच वरकमाईने जातं.

आपला सातबाराही मुळात महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, इतकंच. वारसनोंद राहिली, फेरफार अडला, पोटहिस्सा मोजला नाही, की आपलीही गत गिरिकवाल्यासारखी होते.

उंदरासाठी तार, बळी माणूस

आता जीवाची गोष्ट. मध्य जावातला स्रागेन आणि पूर्व जावातला न्गावी हे भाताचे जिल्हे. तिथे उंदरांनी उच्छाद मांडला, तेव्हा शेतकऱ्यांनी बांधाभोवती उघडी तार ओढून तीत घरचा नाहीतर पंपाचा करंट सोडला. खाचरात पाणी, पायाखाली चिखल. रात्री कोणी खाचरात उतरला की संपला. कित्येकदा तार लावणारा स्वतःच पहाटे बटण बंद करायला विसरला आणि गेला. पोलिसांनी बंदी केली, पण मरणं थांबली नाहीत. कारण साधं आहे, उंदीर डोळ्याला दिसतो आणि करंट दिसत नाही.

देमाक जिल्ह्यातल्या त्लोगोवेरू गावाने वेगळी वाट धरली. शेतात खांबावर खोकी उभी केली आणि त्यात गव्हाणी घुबडं वसवली. घुबड मारणाऱ्याला दंड, असा गावचा नियम केला. शेजारच्या शिवारांनी एकाच वेळी लावणी करायची, म्हणजे उंदरांना वर्षभर खायला मिळत नाही, आणि हंगामापूर्वी सगळ्यांनी मिळून बिळं खणायची, हे उपायही जावात चालतात. ही कामं एकट्याने होत नाहीत, पाळीच्या राखणीसारखी गावानेच करावी लागतात.

आपल्याकडे रानडुकरासाठी अशीच तार ओढली जाते. बंधूंनो, थेट लाईनचा करंट कुंपणात सोडू नका. वीजचोरीचा आणि माणूस दगावल्याचा, असे दोन्ही गुन्हे अंगावर येतात, आणि मरणारा बहुधा शेजारचाच असतो.

गाईपायी माणूस

मेरापी ज्वालामुखी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१० मध्ये उसळला, तेव्हा साडेतीनशेवर माणसं गेली. लोकांना छावणीत हलवलं होतं, तरी कित्येकजण दिवसा वैरण घालायला डोंगरावर परत जात. त्यांचं सारं भांडवल गोठ्यात होतं, त्यांना वेडे म्हणता येणार नाही. शेवटी सरकारला धोक्याच्या पट्ट्यातली गुरं विकत घेण्याची घोषणा करावी लागली. त्यातून शहाणपण आलं. मागेलांग जिल्ह्यात धोक्याचं एकेक गाव खालच्या सुरक्षित गावाशी जोडलं गेलं. कोणी कुठे जायचं हे संकटाआधीच ठरलेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये इशारा वाढला, तेव्हा तिथले लोक ठरल्या गावी गेले. स्लेमान जिल्ह्यात गुरांसाठीही खाली गोठे उभारले गेले.

२०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठी अनेकांनी घर सोडलं नाही ते गोठ्यापायीच. गुरांची सोय सांगितल्याशिवाय माणूस हलत नाही, हे आपत्तीचा आराखडा करणाऱ्यांनी धरून चालावं.

तेव्हा येत्या ग्रामसभेत चार विषय घ्या. ग्रामसुरक्षा दलाची पाळी कागदावर आहे की रस्त्यावर? गावात किती वारसनोंदी आणि फेरफार अडलेत? शिवारात करंटची तार कोणाकोणाची आहे? आणि पूर किंवा आग आली तर गुरं नेमकी कुठे न्यायची? पहिल्या दोन्हींची यादी ग्रामसेवक व तलाठी यांनी वाचून दाखवावी. तारेचं नाव मात्र ज्याचं त्याने सांगून, त्याच आठवड्यात ती काढून टाकावी.