डिजियात्रेत शिरायला पाच सेकंद, बाहेर पडायला?

पुण्या-मुंबईच्या विमानतळावर हा सीन आता नेहमीचा झालाय. मागे रांग, हातात ट्रॉली आणि गेटवरचा कर्मचारी म्हणतो, "सर, बोर्डिंग पास स्कॅन करा, कॅमेऱ्यात बघा." आपण बघतो. गेट उघडतं. आपण नेमकं कशाला 'हो' म्हटलं, हे विमानात बसल्यावर आठवतं.

१ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झालेली डिजियात्रा कागदावर ऐच्छिक आहे. ती चालवणाऱ्या फाउंडेशनमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के. बाकीचा वाटा मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि कोचीच्या विमानतळ कंपन्यांचा. प्रवाशांना नीट न सांगताच नोंदणी होते, अशा तक्रारी वाढल्यावर जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांना सक्ती नसल्याचं पुन्हा सांगावं लागलं होतं.

आता समजा, तुम्हाला यातून बाहेर पडायचंय. बरेच जण ॲप उडवतात आणि विषय संपला असं समजतात. पण ॲप काढणं वेगळं आणि दिलेली संमती मागे घेणं वेगळं. माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळावरची २४ तासांत पुसली जाते, असं यंत्रणा सांगते. पुसली का, हे प्रवाशाने तपासायचं कसं? २०२४ मध्ये जुनं ॲप काढून नवं टाकायला सांगितलं, तेव्हाही जुन्या ॲपकडच्या माहितीचं काय, हाच प्रश्न आला होता.

गंमत बघा. जाहिरातीच्या मेलसाठी नियम जास्त कडक आहेत. रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकवर अनसबस्क्राइबची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ते नाव यादीतून काढायचं, असा नियम गुगलने जीमेलसाठी २०२४ मध्ये आणला. सेलचे मेल थांबवायला एक क्लिक. चेहऱ्यासाठी मात्र कायद्याची वाट बघा.

कायदा झालाय, बरं का. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचं कलम ६ सांगतं की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीचा हा भाग लागू व्हायला त्यानंतर १८ महिने ठेवलेत. म्हणजे २०२७ चा मे उजाडणार.

तोपर्यंत गेटवर "मी ओळखपत्र दाखवून जाणार" एवढं म्हणता येतं. त्यासाठीची रांग वेगळी असते आणि त्या रांगेतून जायला कुणी अडवू शकत नाही. फक्त घरून थोडं लवकर निघा.