झरपटीचे पाणी आणि आमचा नाला



आमच्या लोह्यातून चंद्रपूरला दोन वाटा जातात. एक चैत्रात, महाकालीच्या यात्रेला. नांदेड-परभणीकडची माणसे टेम्पो, जीप भाड्याने करून, पोतराज, हलगी, लेकरेबाळे घेऊन निघतात. दुसरी वाट ऑक्टोबरात. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरनंतर चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, म्हणून आपली माणसे त्या दिवशी तिथल्या दीक्षाभूमीवर जातात. माझ्या शेजारची काकू पहिल्या वाटेची, मी दुसऱ्या वाटेचा. त्यावरून आमची वर्षभर थट्टा चालते, भांडण कधी झाले नाही.

एका चैत्रात काकू परत आली ती गप्पच. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, नदीत पाय घालू वाटंना गेलं. पहिले अंघोळ करून देवळात जायचो आमी."

काकूची नदी म्हणजे झरपट. मंदिराजवळून वाहते. नदी म्हणायचे, पण आहे आपल्या ओढ्याची थोरली बहीण. चंद्रपूर शहर इरई आणि झरपट यांच्या बेचक्यात वसले आहे. दंतकथा अशी की गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला, तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातले पाणी प्याला, त्याच पाण्याने तोंड धुतले आणि त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले. त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ झाले, पुढे शहर झाले. फोड बरे झाले की नाही यावर मी वाद घालत नाही. पण एका शहराची जन्मकथा एका ओढ्यातल्या खड्डाभर पाण्यापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्या ऑक्टोबरात मी मुद्दाम त्या बाजूला गेलो. पात्रात हिरवी जलपर्णी इतकी दाट की वासरू चालत जाईल असे वाटावे. पूल ओलांडताना बायका पदर नाकाला लावतात. आणि जवळच्या वस्तीचे नाव काय, तर महाकाली कॉलरी. देवी आणि कोळसा एकाच नावात.

चंद्रपूरला शहराला खेटूनच कोळसा निघाला. महाकाली, लालपेठ या जुन्या कॉलऱ्या. 1973 साली दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी आली. या खाणींनी हजारो घरांची चूल पेटवली, त्यात आपलीही घरे पुष्कळ. 1943 च्या डिसेंबरात मजूरमंत्री असताना बाबासाहेब स्वतः धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले होते, कामगार कसा राबतो, कसा राहतो ते पाहायला. तेव्हा खाण वाईट, एवढे म्हणून हात झटकणाऱ्यांत मी नाही.

पण खाण ओढ्याचे काय करते ते समजून घ्यावे. कोळसा खाली, माती वर. उघड्या खाणीत आधी ती माती, मुरूम, दगड उकरून बाजूला ढीग घालतात. ढिगाला जागा लागते, ती बहुधा नाल्या-नदीकाठची. पावसात ढीग धुपतो, गाळ पात्रात बसतो, पात्र उथळ होते. दुसरे, खाणीत पाणी साठू नये म्हणून पंप रात्रंदिवस उपसा करतात. म्हणजे जमिनीतले जे पाणी झिरपत झिरपत उन्हाळ्यात ओढ्याला मिळायचे, ते आधीच संपते. मग ओढ्यात राहते काय? शहराचे सांडपाणी. जलपर्णीला तेच मानवते.

इरईच्या काठचे मातीचे डोंगर तर चंद्रपूरची माणसे बोटाने दाखवतात. 2006, 2013 आणि 2022 साली पुराचे पाणी शहरात शिरले. वर्धा नदी फुगली की इरईला पुढे जायला जागा मिळत नाही, इरई थांबली की झरपट मागे सरते, आणि मागे सरते ती कुणाच्या घरात? काठावर स्वस्त जागा घेऊन राहिलेल्यांच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील प्रदूषित औद्योगिक भागांची मोजणी केली, तेव्हा चंद्रपूरचा आकडा 83.88 होता, देशात चौथा क्रमांक. चांगले पण सांगतो: 2021 मध्ये शहरातल्या रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, तेव्हा सरकारी यंत्रणेला हलावे लागले. झरपटीलाही असे कुणीतरी हवे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे कोळसा? कोळसा नाही, मुरूम आहे. खडी आहे. रस्त्याला, प्लॉटच्या भरावाला मुरूम लागतो, तो माळावरून आणि नाल्याच्या कडेने उकरला जातो. मग त्याच मुरमाने त्याच नाल्याचा तळ भरून वर चुन्याच्या रेघा मारतात, आणि प्लॉटिंग सुरू.

असा एक प्लॉट माझ्या मावसभावाने घेतला. शंभराच्या बाँडपेपरवर, गुंठेवारीने. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. मी बी.कॉम., रोज कचेरीत दुसऱ्यांचे कागद तपासणारा, आणि त्या दिवशी चहा पिऊन सही केली. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी एका रात्रीत घरात मांडीइतके पाणी. ज्वारीची कोठी भिजली, पोरीची दहावीची पुस्तके भिजली. वहिनीने मला काही म्हटले नाही. तिने म्हटले असते तर बरे झाले असते.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. तलाठ्याकडून गावनकाशाची नक्कल काढली. त्यात नाला स्पष्ट काढलेला, प्लॉटच्या बरोबर मधून. पाणी कुठे चुकले नव्हते, ते आपल्या जुन्या वाटेनेच आले होते.

म्हणून माता-भगिनींना खास सांगणे, कारण बचत गटाचे पैसे बहुतेक अशाच प्लॉटमध्ये जातात. इसार देण्याआधी गावनकाशा पाहा, सातबारावर पोटखराबा किती ते पाहा. मोठ्या नदीकाठची जागा असेल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचे नाही. कागद मिळत नसेल तर 2005 चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. आणि मंजूर लेआऊटची प्रत मागितल्यावर जो माणूस "आपल्या माणसात कागद कशाला" म्हणतो, त्याच्याकडे चहा पिऊ नका.

मावसभावाने जोते अडीच फूट उचलले आहे, कर्ज काढून. नाल्याचा उरलेला तुकडा तरी मोजून मोकळा ठेवावा, असा अर्ज आम्ही गल्लीतल्या एकवीस जणांच्या सह्यांनी दिला आहे. पोच घेतली आहे. पहिला अंगठा काकूचा.