बक्षीस राखणीलाही मिळावे

मा. प्रधान सचिव,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

२ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानामुळे गावोगावी पर्यावरणाच्या कामाची चढाओढ लागली, हे चांगलेच झाले. पण अभियानाच्या बक्षिसांत वर्षभरात झालेल्या कामाला गुण मिळतात. केलेले काम पुढे किती वर्षे राखले, याला फारसे मोल उरत नाही. सामायिक पाणी आणि जंगल मात्र राखणीवरच टिकते. हिवरे बाजार या गावात पाणलोटाची कामे झाली, तशी ती राज्यात हजारो गावांत झाली. हिवरे बाजार वेगळे ठरले ते नंतरच्या संयमामुळे: शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, पाणी कमी असेल तर पिकांना कात्री. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय गावाने त्याआधी कित्येक वर्षे जोपासली होती. अशी सवय एका वर्षाच्या तपासणीत दिसणार कशी? पानी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा ४५ दिवसांच्या श्रमदानाची होती; त्याच संस्थेने पुढे ‘समृद्ध गाव’ स्पर्धा १८ महिन्यांची केली आणि तिच्यात पाण्याच्या ताळेबंदालाही जागा दिली. मला ही दिशा योग्य वाटते; ‘माझी वसुंधरा’चे बक्षीसही पाच वर्षांची राखण पाहून द्यावे.

बक्षिसासाठी पाच वर्षे थांबायला लावले तर गावाचा उत्साह मावळेल, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणून अर्धी रक्कम आजच द्यावी आणि उरलेली पाच वर्षांनी, फेरतपासणीनंतर. तोवर सरपंच बदललेला असेल, ही अडचण नव्हे, हीच खरी परीक्षा आहे. माणूस बदलूनही नियम टिकला तरच तो गावाचा म्हणायचा. दुष्काळी वर्षी मेहनती गावावर अन्याय होईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यासाठी विहिरीत पाणी किती, एवढेच पाहू नये. टंचाईच्या वर्षी ग्रामसभेने कोणते ठराव केले आणि पाळले, हे पाहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदी शेजारच्या गावांशी ताडल्या, तर पावसाची तूट कुठली आणि उपशाची कुठली, याचा बराच अंदाज येईल.

सुरुवात आधीच्या विजेत्या गावांपासून करावी. त्यांची फेरतपासणी करून निष्कर्ष जाहीर करावेत, ही विनंती.

आपला,
एक नागरिक