अंगण कोणाचे?

मालेगाव, भिवंडी, मुंबईचा मदनपुरा अशा कामगार वस्त्यांत बरीच कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोली आतून लख्ख असते. पण उंबरठा ओलांडला, की भाजीची देठे, फुटका माठ आणि तुंबलेली मोरी! विचारावे तर भाडेकरू म्हणतो, "हे मालकाचे काम." मालक म्हणतो, "घाण करतो कोण?" दोघांचे भांडण चालू राहते आणि डास तेवढे बिनभाड्याने राहतात.

माझ्या मते दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. मोरी फुटली, गटाराचे झाकण तुटले, तर दुरुस्ती मालकाने करावी. वेगळा करार नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे ते त्याच्यावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतात. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. पावत्या जपून ठेवाव्यात, हे सांगायला नकोच.

रोजचा केर मात्र कायद्याने निघत नाही. त्याला पैसाही फारसा लागत नाही. पंधरा बिऱ्हाडांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले, तरी तीनशे रुपये जमतात. फावडे आणि घमेले एकदा घेतले, की वर्षानुवर्षे चालतात. सगळ्या अंगणात फरशी घालण्याचा काहींचा हट्ट मला पटत नाही. खर्च मोठा, आणि पाणी मुरायला जागा उरत नाही. त्यापेक्षा मालकाला विचारून खड्ड्यांत विटांचे तुकडे व मुरूम भरावा आणि गटाराकडे उतार काढावा.

खरा धोका केरापेक्षा साठलेल्या पाण्याचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पिंपातल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करावे. नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून ते आतून घासावेही लागते.

हे काम कोणी करावे? आपल्याकडे खराटा नेहमी मुलींच्याच हाती दिला जातो, हे मला खटकते. अंगणात क्रिकेट खेळतात मुलगे. मग सुटीच्या दिवशी पिंप घासण्याची पाळीही त्यांचीच असावी. शिवाय पिंप जड असते.