अमेरिकेने माफी मागितली, कायदा मात्र ठेवला

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने व्हेनेझुएलाच्या दोनशेहून अधिक स्थलांतरितांना विमानात बसवून एल साल्वाडोरच्या तुरुंगात पाठवले. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना 'एलियन एनिमीज ॲक्ट' लावला होता. ना खटला, ना सुनावणी. हा 'परकीय शत्रू' कायदा १७९८ चा. त्याआधी तो तीनदाच वापरला गेला होता, १८१२ च्या युद्धात आणि दोन महायुद्धांत. आपल्याकडे ही बातमी ट्रम्प यांचा लहरीपणा म्हणून चालवली गेली. आम्हाला ते पटत नाही. या कायद्याचा तिसरा वापर कोणावर झाला, हे तर बौद्ध तरुणांनी नक्कीच वाचायला हवे.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला हरवून पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स घेतले, त्याच वर्षी हवाईही जोडून घेतले. या बेटांवरच्या लोकांना अमेरिकन संविधानाचे सगळे हक्क मिळणार का? १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, सगळे नाही. पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण अमेरिकेचा भाग नाही, असा तो न्याय! निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन यांनीच १८९६ मध्ये काळ्यांसाठी वेगळे डबे कायदेशीर ठरवले होते. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले. तरी बेटावर राहणाऱ्याला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.

आशियातून आलेल्यांना तर नागरिकत्वच मिळत नव्हते. ते अर्ज करून मिळायचे फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते तेव्हाची अमेरिका ही अशी होती. पुढे भगतसिंग थिंड यांचा खटला उभा राहिला. थिंड पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. न्यायालयात त्यांच्या बाजूने काय मांडले गेले? की ते उच्चजातीय हिंदू आहेत, आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. उच्चजातीय हिंदू इथल्या आदिवासींशी सोयरीक टाळतो, जसा गोरा अमेरिकन काळ्यांशी टाळतो, असा दाखलाही दिला गेला. म्हणजे आपली माणसे सातासमुद्रापार गेली आणि जातीचा दाखला सोबत घेऊन गेली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. वर्चस्वाच्या शिडीवर दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवून चढू पाहणाऱ्यालाही वरच्याने खालीच ढकलले.

१९ फेब्रुवारी हीच तारीख १९४२ मध्ये पुन्हा आली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला दोन-अडीच महिने झाले होते. रूझवेल्ट यांच्या त्या दिवशीच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे, शेती, दुकाने सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. 'परकीय शत्रू' कायद्याखालची धरपकड तर हल्ल्याच्या दिवशीच सुरू झाली होती आणि पहिल्या फळीत उचलले गेले ते बौद्ध भिक्खू आणि पुरोहित. गुन्हा काही नव्हता. बौद्ध असणे हेच संशयाला पुरेसे होते. घराघरांत लोकांनी जपानी लिपीतली सूत्रे जाळली, पुरून ठेवली. छावणीत मात्र टाकाऊ लाकडातून बुद्धाचे देव्हारे बनवले, बुद्धजयंती साजरी केली. १९४४ मध्ये युटाहच्या टोपाझ छावणीत त्यांच्या संस्थेने आपले नाव बदलून 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' असे केले. बुद्धविहाराला 'चर्च' म्हणायची वेळ का आली असेल, हे नाव लपवून शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना वेगळे समजावायला नको. याच छावण्यांतले तरुण सैन्यात भरती होऊन युरोपात लढले. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांच्यासाठी अक्षर होते, बौद्धांसाठी नव्हते.

आणि हवाई? हल्ला तिथेच झाला होता आणि तिथे एक-तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. पण तिथे सगळ्यांना उचलले नाही, कारण त्यांच्या कष्टांवाचून बेटांचा गाडाच चालला नसता. मग सुरक्षेचा धोका नेमका कुठे होता?

१९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हकालपट्टी वैध ठरवली. असा निकाल भरलेल्या बंदुकीसारखा पडून राहतो, पुढे कोणीही तो उचलेल, असा इशारा विरोधी मत देणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी दिला होता. १९८८ मध्ये अमेरिकेने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. १७९८ चा कायदा मात्र रद्द केला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढेच सांगितले की हद्दपारीपूर्वी नोटीस द्या, दाद मागायला वेळ द्या.

ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर महायुद्धात अनेक बौद्ध पुरोहित कैदेत होते. जून २०१९ मध्ये तिथे स्थलांतरित मुलांना ठेवायचे ठरले. त्या वर्षी जुलैमध्ये छावण्यांत बालपण गेलेले वृद्ध जपानी अमेरिकन आणि बौद्ध पुरोहित तिथे निदर्शनाला गेले. ही मुले ना जपानी होती, ना बौद्ध. काही दिवसांतच ती योजना स्थगित झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या फोर्ट ब्लिस तळावर स्थलांतरितांसाठी तंबूंची छावणी सुरू झाली. महायुद्धात तिथेही 'परकीय शत्रू' ठेवले होते.